‘हो’ कुणी म्हटलं?

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार. बँकांना सुट्टी. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर कॉसमॉस बँकेचं मुख्यालय आहे. १९०६ साली स्थापन झालेली ही देशातल्या सर्वांत जुन्या सहकारी बँकांपैकी एक. त्या दिवशी दुपारी तीननंतर पुण्यापासून हजारो मैलांवर, वेगवेगळ्या देशांत, माणसं एटीएमसमोर उभी राहू लागली. प्रत्येकाकडे एक साधं, चुंबकीय पट्टीचं कार्ड होतं. कार्ड सरकवायचं, पिन दाबायचा, रक्कम टाकायची. मशीन पैसे देत होतं.

रात्रीपर्यंत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये निघाले. भारतात रुपे कार्डांवर सुमारे २,८०० व्यवहारांतून आणखी अडीच कोटी गेले. पैसे काढणाऱ्यांत कोल्हापूर, मुंबई आणि पुण्यातल्या एटीएमवर गेलेली मुलंही होती. रविवार उलटला. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेतून, म्हणजे देशोदेशीच्या बँका एकमेकींना पैशांचे आदेश धाडतात त्या जाळ्यातून, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चतु:शृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, बँकेने एटीएम आणि नेट बँकिंग काही दिवस बंद ठेवलं, आणि ठेवीदारांच्या डोक्यात एकच प्रश्न राहिला: माझ्या खात्यातले किती गेले?

उत्तर होतं, एक रुपयाही नाही. बँकेने तसं जाहीर केलं आणि ते खरं होतं. खातेदारांच्या नोंदी ज्या कोअर बँकिंग यंत्रणेत असतात, तिच्यापर्यंत त्या हजारो विनंत्या पोहोचल्याच नव्हत्या. तिला कुणी विचारलंच नव्हतं. वाटेतच कुणीतरी बँकेच्या वतीने ‘हो’ म्हणत होतं.

हे ‘वाटेतच’ समजून घेण्यासारखं आहे, कारण या गुन्ह्याचं सगळं मर्म तिथे आहे. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून आपण पैसे काढतो तेव्हा ते मशीन आपल्याला ओळखत नसतं. ते एक संदेश तयार करून आपल्या बँकेकडे धाडतं. तो आधी मशीनच्या मालक बँकेकडे, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यात आणि तिथून आपल्या बँकेच्या दारात उभ्या असलेल्या संगणकाकडे येतो. या संगणकाला ‘स्विच’ म्हणतात. स्विच कोअर बँकिंगला विचारतो: खातं चालू आहे का, शिल्लक आहे का? मिळालेलं उत्तर तो आल्या वाटेने परत पाठवतो. काही सेकंदांत सगळं आटोपतं आणि नोटा बाहेर येतात.

या संदेशांची भाषा जगभर एकच आहे. आयएसओ ८५८३ नावाचं हे मानक १९८७ सालचं आहे. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला चार आकडे असतात: ०२०० म्हणजे पैशांची विनंती, ०२१० म्हणजे त्या विनंतीला उत्तर. पुढे क्रमांक दिलेले रकाने. दुसऱ्या रकान्यात कार्डाचा क्रमांक. चौथ्यात रक्कम, बारा आकडी आणि पैशांत, म्हणजे दहा हजार रुपये ‘०००००१००००००’ असे लिहिले जातात. उत्तर येतं ते एकोणचाळिसाव्या रकान्यात, दोन आकड्यांत. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी. ०० म्हणजे मंजूर.

कॉसमॉसमधल्या ७८ कोटींच्या मागे हीच दोन शून्यं होती. सेक्युरॉनिक्स या सुरक्षा कंपनीने नंतर केलेल्या विश्लेषणानुसार हल्लेखोरांनी बँकेच्या खऱ्या स्विचच्या शेजारी स्वतःचा एक बनावट स्विच उभा केला आणि खऱ्याचा कोअर बँकिंगशी असलेला संबंध तोडला. सुमारे ४५० क्लोन केलेली कार्डं आधीच देशोदेशी पोहोचवलेली होती. त्या कार्डांची विनंती आली की बनावट स्विच शिल्लक न तपासता, कुणालाही न विचारता ‘मंजूर’ पाठवत होता. व्हिसाच्या जाळ्याला दिसत होतं ते एवढंच की कॉसमॉस बँकेकडून होकार आला आहे. परदेशातल्या एटीएमच्या मालक बँकांनी त्या होकारावर विसंबून रोख दिली, आणि हिशेबाच्या नियमाप्रमाणे ज्या बँकेच्या नावाने होकार गेला तिच्याच अंगावर ती देणी आली.

योगायोग असा की या हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, शुक्रवारी १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा दिला होता: येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा मोठा प्रकार होऊ शकतो. पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी रविवारी तो इशारा प्रसिद्ध केला. तोवर पुण्याचे पैसे गेलेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने उत्तर कोरियावरच्या निर्बंधांसाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९च्या अहवालात कॉसमॉसचं नाव घेऊन हा हल्ला उत्तर कोरियाच्या कारवायांमध्ये मोजला. पुण्यातल्या एका सहकारी बँकेचं नाव सुरक्षा परिषदेच्या कागदपत्रांत यावं, हे एरवी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

कॉसमॉसनंतर दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबर २०१८ रोजी, अमेरिकन सरकारच्या सायबर यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ या नावाने एक तांत्रिक इशारा काढला. त्यात बँकांची नावं नव्हती, पण पद्धत सविस्तर होती. २०१७ मध्ये एकाच वेळी ३०हून जास्त देशांत आणि २०१८ मध्ये २३ देशांत अशाच रीतीने पैसे काढले गेले होते. लक्ष्य होत्या आफ्रिका आणि आशियातल्या बँका. पुढच्याच महिन्यात सिमँटेक कंपनीच्या संशोधकांनी या हल्ल्यांत वापरलेल्या प्रोग्रॅमची उकल केली. आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीवर चालणाऱ्या स्विचमध्ये तो शिरत असे आणि येणारा प्रत्येक संदेश वाचत असे. कार्डाचा क्रमांक आपल्या यादीतला असेल तर विनंती पुढे जाऊ द्यायची नाही. स्वतःच उत्तर लिहून परत पाठवायचं. बाकी सगळ्या ग्राहकांचे व्यवहार नेहमीसारखे चालू. म्हणून तर काही बिघडलंय असं कुणाच्या लक्षात येत नसे. सापडलेल्या हल्ल्यांत एआयएक्सच्या ज्या आवृत्त्या होत्या त्यांच्या दुरुस्त्या येणं केव्हाच बंद झालेलं होतं.

कॉसमॉसच्या अडीच वर्षं आधी ढाक्यात जे घडलं तेही याच जातकुळीचं. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. बांगलादेशात शुक्रवार सुट्टीचा. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, बांगलादेश बँकेच्या, स्विफ्ट यंत्रणेतून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ आदेश गेले, एकूण ९५ कोटी १० लाख डॉलरचे. बहुतेक अडले. श्रीलंकेला गेलेले दोन कोटी परत आले, पण मनिलाला पोहोचलेले ८ कोटी १० लाख डॉलर तिथल्या कॅसिनोंत विरघळले. बीएई सिस्टिम्सच्या संशोधकांनी त्या हल्ल्यातला प्रोग्रॅम उलगडला तेव्हा त्यांना एक बारीक गोष्ट सापडली. बँकेतल्या स्विफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तपासणी होती: डेटाबेसला हात लावणाऱ्याला तसा अधिकार आहे का? नसेल तर प्रोग्रॅमने दुसऱ्या वाटेला उडी मारायची, म्हणजेच नकार द्यायचा. ही उडी दोन बाइटांची होती, ७५ आणि ०४. हल्लेखोरांनी त्या जागी ९० आणि ९० लिहिलं. संगणकाच्या भाषेत ९० म्हणजे काहीच करू नकोस. उडी मारायची राहिली आणि तपासणी दर वेळी उत्तीर्ण होऊ लागली. कोट्यवधी डॉलरच्या राखणीवर ठेवलेला पहारेकरी दोन बाइटांत गप्प झाला.

वरवर पाहता या गोष्टी चोऱ्यांच्या आहेत. पण संगणकशास्त्रात नेटवर्क आणि विखुरलेल्या प्रणालींच्या सुरक्षेचं संशोधन जिथून सुरू होतं, तो प्रश्न हाच आहे. अनेक संगणक एकमेकांपासून दूर आहेत, एकमेकांना पाहू शकत नाहीत, फक्त निरोप पाठवू शकतात. निरोप आला. तो खरोखर त्याच्याकडूनच आला का? आणि त्याच्याकडून आला असला, तरी तो खरं बोलतोय का?

लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ यांनी १९८२ मध्ये दुसऱ्या प्रश्नाला गणिताचं रूप दिलं. वेढा घालून बसलेले सेनापती, त्यांच्यात फितूर, आणि निरोप्यांच्या आधाराने एकमत करण्याची धडपड अशी त्यांची मांडणी होती. तोंडी निरोपांवर चालायचं असेल तर तिघांत एक फितूर निघाला तरी प्रामाणिक असणाऱ्यांचं एकमत होण्याची हमी देता येत नाही. एका फितुरासाठी किमान चार सेनापती लागतात. पण त्याच लेखात पुढचा निष्कर्षही आहे आणि तो कमी सांगितला जातो. निरोप लेखी असतील, प्रत्येकावर खोटी करता न येणारी सही असेल, तर सेनापती कितीही असोत आणि फितूर कितीही असोत, प्रश्न सुटतो. सहीने इतका फरक पडतो.

पहिला प्रश्न, निरोप कुणाचा, हा त्याहून जुना. १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी जाळ्यातल्या दोन अनोळखी संगणकांनी एकमेकांची ओळख कशी पटवावी याच्या रीती मांडल्या. त्यांतली एक फक्त तीन निरोपांची होती, डोळ्यांखालून घातली की पटावी इतकी सुटसुटीत. सतरा वर्षं ती पाठ्यपुस्तकांत होती, पिढ्यांनी शिकली आणि शिकवली. १९९५ मध्ये ऑक्सफर्डच्या गॅव्हिन लो यांनी दाखवलं की तिसरा माणूस मध्ये बसून एकाचे निरोप दुसऱ्याला ऐकवत भलत्याच्या नावाने वावरू शकतो. दुरुस्तीही लो यांनीच दिली: दुसऱ्या निरोपात उत्तर देणाऱ्याने आपलं नाव घालायचं. सतरा वर्षं नजरेआड राहिलेली चूक म्हणजे एक न लिहिलेलं नाव. ज्यांनी हे शास्त्र घडवलं त्यांच्या हातून जे सुटलं ते बँकांच्या स्विचमध्येही सुटलं, यात नवल नाही. सुटलेलं दाखवून दिल्यावर पुढे काय होतं, हा खरा सवाल. आणि त्याचं उत्तर केंब्रिजमध्ये पाहायला मिळतं.

केंब्रिज विद्यापीठाचे रॉस अँडरसन यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलं होतं की एटीएमचे घोटाळे सांकेतिक लिपी फोडून होत नाहीत. ते होतात यंत्रणा बसवण्यातल्या आणि सांभाळण्यातल्या चुकांमुळे. २०१० मध्ये स्टीव्हन मर्डोक, सार ड्रायमर, माइक बाँड आणि अँडरसन यांनी चिप आणि पिनच्या कार्डांमध्ये एक भोक दाखवलं. दुकानातल्या मशीनमध्ये कार्ड घातलं की पिन बरोबर आहे का ते कार्डावरची चिप तपासते आणि बरोबर असेल तर ‘९०००’ हा संकेत परत देते. या संकेतावर सही नसते. संशोधकांनी कार्ड आणि मशीन यांच्यामध्ये एक छोटं उपकरण बसवलं. पिन काहीही दाबला तरी ते मशीनला ‘९०००’ सांगे, आणि कार्डाला मात्र पिनचा पत्ताच लागू देत नसे. ग्राहकाची कागदावर सही घेतली जातेय असंच कार्ड समजे. लग्न जुळवणारा मध्यस्थ मुलीकडे जाऊन ‘मुलाकडचे तयार आहेत’ आणि मुलाकडे जाऊन ‘मुलीकडच्यांची काही अट नाही’ असं सांगत सुटावा, तसा हा प्रकार. दोन्ही घरं समाधानी, दोघांच्या समजुती वेगळ्या, आणि बँकेच्या वहीत नोंद ‘पिनने पडताळणी झाली’ अशी.

त्या नोंदीची झळ माणसांना बसत होती. कार्ड चोरीला गेलेला ग्राहक तक्रार घेऊन आला की बँक म्हणे, पिन वापरला गेलाय, म्हणजे तुम्हीच कुठेतरी लिहून ठेवला असणार. संशोधकांनी हे काम केलं ते अशा ग्राहकांसाठी, आणि म्हणूनच ते इतक्या जिव्हाळ्याने वाचावंसं वाटतं.

दाद मिळण्याऐवजी दटावणी आली. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटनच्या बँकांच्या कार्ड संघटनेने विद्यापीठाला पत्र लिहून एका विद्यार्थ्याचा, ओमर चौधरी यांचा, याच विषयावरचा प्रबंध सार्वजनिक ठिकाणावरून काढून टाकण्याची मागणी केली. अँडरसन यांनी खरमरीत उत्तर पाठवून साफ नकार दिला आणि तो प्रबंध विभागाचा अधिकृत अहवाल म्हणून प्रसिद्ध करण्याची परवानगी दिली. मार्च २०२४ मध्ये अँडरसन गेले. आपल्याकडे बँकेच्या यंत्रणेतला दोष दाखवणारा विद्यार्थी आणि त्याच्या पाठीशी असा उभा राहणारा प्राध्यापक किती ठिकाणी सापडेल, हा विचार अस्वस्थ करतो.

दोष दाखवला म्हणून चोर शहाणे झाले, असं अशा वेळी म्हटलं जातं. पण फ्रान्समधल्या एका प्रकरणातून दोष बुजवायला उशीर करणाऱ्यांचीच जबाबदारी दिसते. प्रबंधावरून वाद चालू होता त्याच सुमारास फ्रान्समध्ये चोरीला गेलेली काही कार्डं बेल्जियममधल्या दुकानांत वापरली जाऊ लागली. टोळी पकडल्यावर कार्डं तज्ज्ञांकडे आली. पुरावा म्हणून ती मोडायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी क्ष-किरणांनी आत पाहिलं. एका चिपवर दुसरी चिप झाळून बसवलेली होती: खालची चोरीच्या कार्डाची, वरची मध्यस्थाची. केंब्रिजच्या टेबलावर तारांच्या जंजाळासह मांडलेलं उपकरण कार्डाच्या जाडीत मावलं होतं. अशा चाळीस कार्डांवर सात हजारांहून जास्त व्यवहार आणि जवळपास सहा लाख युरोंचं नुकसान झाल्याचं त्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं.

आता पुन्हा स्विचकडे. आयएसओ ८५८३ मध्ये सहीची सोय नाही असं नाही. संदेशाच्या शेवटी, चौसष्टाव्या किंवा एकशे अठ्ठाविसाव्या रकान्यात, एक पडताळणी संकेत घालता येतो. फक्त दोन टोकांना ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने तो बनतो. मधल्या कुणी एक आकडा बदलला तरी संकेत जुळत नाही. पण हा रकाना ऐच्छिक आहे. अमेरिकन यंत्रणांच्या फास्टकॅशवरच्या शिफारशींत हेच ठळकपणे सांगितलेलं होतं: होकाराच्या संदेशावर पडताळणी संकेत सक्तीचा करा आणि तो तपासा, चिपच्या कार्डांच्या व्यवहारांत उत्तरासोबत आलेली बँकेची सांकेतिक खूण तपासून घ्या. किल्ली ज्या संगणकात असते तोच हल्लेखोराच्या ताब्यात गेला तर अर्थातच हाही उपाय तोकडा पडतो. म्हणून किल्ल्या वेगळ्या, कुलूपबंद उपकरणात ठेवायच्या, स्विचकडे जाणाऱ्या वाटा अरुंद ठेवायच्या, आणि स्विचने दिलेले होकार कोअर बँकिंगमधल्या नोंदींशी सतत पडताळायचे. स्विच ‘दिले’ म्हणतोय आणि खातेवहीत वजावट नाही, हा फरक काही मिनिटांत घंटा वाजवायला पुरेसा आहे.

रिझर्व्ह बँकेने चुंबकीय पट्टीची कार्डं बदलून चिपची देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत आधीच ठरवलेली होती. कॉसमॉसवरचा हल्ला तिच्या साडेचार महिने आधीचा. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिची विस्तारित आवृत्ती आली, तीत डिजिटल सेवा किती खोल आहेत त्यानुसार बँकांच्या चार पायऱ्या केल्या. ही विभागणी शहाणपणाची आहे. तालुक्याच्या गावी चार शाखा असलेल्या पतपेढीवजा बँकेला आणि स्वतःचा स्विच चालवणाऱ्या बँकेला एकच नियम लावला तर पहिली दमते आणि दुसरी निसटते.

लहान बँकांनी यावर काढलेली वाट म्हणजे तंत्रज्ञान बाहेरच्या कंपनीकडे सोपवणं. त्यातून सोय झाली, पण निरोपांच्या साखळीत आणखी कड्या वाढल्या. ३१ जुलै २०२४ रोजी रॅन्समवेअरच्या, म्हणजे संगणक अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हल्ल्याचा फटका सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला बसला. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणारी ही कंपनी. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. तोडण्याचा निर्णय बरोबरच होता. संशयित कडीचा ‘हो’ कुणापर्यंत पोहोचू न देणं हेच त्या घडीला करण्यासारखं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका संशोधकाने फास्टकॅशची लिनक्सवर चालणारी नवी आवृत्ती उजेडात आणली. एआयएक्स झालं, विंडोज झालं, आता लिनक्स. नवी आवृत्ती शिल्लक नसल्यामुळे आलेला नकार वाटेत पकडते, त्याचा होकार करते आणि १२ ते ३० हजार तुर्की लिरांमधली एखादी रक्कम मंजूर करून टाकते. २०१८ मध्ये सापडलेली युक्ती सहा वर्षांनीही कामाला येऊ शकते, जिथे ऐच्छिक रकाना रिकामा असेल तिथे.

कॉसमॉसच्या खटल्यात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ते होते कार्डं घेऊन एटीएमवर गेलेले आणि त्यांना तिथे पाठवणारे. पुणे पोलिसांनी सीसीटीव्ही चित्रणातून आरोपी हुडकून काढले. ते काम चिकाटीचं आणि कौतुकाचं होतं. बनावट स्विच उभा करणारे हात मात्र कुठल्याही भारतीय न्यायालयासमोर आलेले नाहीत.

महाराष्ट्रात सहकारी बँकेचा सभासद हा नुसता ग्राहक नसतो, मालकही असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत तो लाभांशावर बोलतो, थकीत कर्जांवर बोलतो, संचालकांना धारेवर धरतो. तंत्रज्ञानाचा विषय आला की मात्र ‘ते कंपनी बघते’ या उत्तरावर सभा पुढे सरकते. तिथे विचारण्यासारखे प्रश्न अवघड नाहीत. आपल्या बँकेचा स्विच कोण चालवतं? त्याच्या प्रणालीच्या दुरुस्त्या अजून येतात का? होकाराच्या संदेशावर पडताळणी संकेत असतो का, आणि तो तपासला जातो का? स्विचचे होकार आणि खातेवहीतली वजावट यांचा मेळ किती मिनिटांनी घातला जातो, आणि सुट्टीच्या शनिवारी दुपारी तीन वाजता तो पाहायला कोण हजर असतं? संचालक मंडळाची उत्तरं सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घेता येतात, आणि पुढच्या वर्षी तेच पान उघडून पुन्हा विचारता येतं.